पाऊणकी

मौद्याच्या माणसाने समुद्राच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहायची, हे ऐकून आधी घरातच हसू पिकलं. मौदा नागपूरच्या पूर्वेला, भंडाऱ्याच्या रस्त्यावर, कन्हानच्या काठी. इथून नाकासमोर पश्चिमेला गेलं तर अरबी समुद्र साडेसहाशे-सातशे किलोमीटरवर. बंगालचा उपसागर त्याहून जवळ आहे, पण ते कोणाच्या ध्यानात येत नाही. समुद्र म्हटलं की आमच्याकडे मुंबईच. कन्हानचं पाणी मात्र उपसागराकडेच जातं. आंभोऱ्याला वैनगंगेत, पुढे प्राणहितेत, मग गोदावरीत. पावसाळ्यात कमी दाबाचे पट्टेही त्याच उपसागरातून निघतात आणि ओडिशा, छत्तीसगड ओलांडून आमच्या डोक्यावर येऊन रिते होतात. समुद्र दरवर्षी आमच्याकडे येऊन जातो, आम्हीच त्याच्याकडे जात नाही.

मी गेलो तो नोकरीपायी. बावीस वर्षं रत्नागिरीच्या बाजूला काढली आणि निवृत्त होऊन पुन्हा मौद्याला आलो. होडी मला नवी नव्हती. लहानपणी ढिवरांच्या डोंग्यात बसून कन्हान कित्येकदा ओलांडलेली, वल्हं मारता येत होतं, पोहता येत होतं. त्यामुळे खाडीच्या पाण्याला भ्यायचं काय कारण, असा माझा तोरा होता. तो एका संध्याकाळी उतरला. एका लहान धक्क्यावर मी उसनी आणलेली होडी बांधली. नदीकाठचा माणूस बांधतो तशी, म्हणजे दोर आखडून, गाठ पक्की करून. ढील दिली की नदी डोंगा ओढून नेते, हे आमचं बाळकडू. जेवून तीन तासांनी परतलो, तर पाणी खाली गेलेलं आणि होडी धक्क्याला शिंक्यातल्या मडक्यासारखी लटकलेली. एक बाजू वर, आतली वल्ही आणि डबा चिखलात. शेजारच्या मचव्यावरचे तांडेल विडी ओढत बघत होते. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. एवढंच म्हणाले, "भाऊ, तुमची नदी एकाच बाजूला जाते. ही जाते तशी परत येते."

या पुस्तकाचं पहिलं प्रकरण वाचताना मला तो धक्का आठवला. किनाऱ्याजवळ होडी, मचवा, छोटी मोटरबोट चालवणाऱ्यांसाठी लेखकमंडळींनी हे लिहिलं आहे. त्यात मासेमारी करणारे आहेत, पर्यटकांना फिरवणारे आहेत आणि हौसेने होडी विकत घेणारेही आहेत. या तिसऱ्या गटात आता पुण्या-नागपूरकडची माणसं बरीच दिसतात, आणि धोका सर्वांत जास्त त्यांनाच. कोळ्याला, गाबिताला, खारव्याला जे आजोबांकडून मिळतं ते यांना कुठे मिळणार? नाखव्याच्या पोराला भरतीची वेळ कोणी शिकवत नाही. घरातलं जेवणखाण, निजणं-उठणंच तिच्या तालावर चालतं.

पुस्तकाचा गाभा एका भेदात आहे. पाण्याच्या दोन गोष्टी होडीवाल्याला रोज पाहायच्या असतात. एक वेळापत्रकाने येते, दुसरीला वेळापत्रक नाही. भरती-ओहोटी चंद्र-सूर्याच्या ओढीने चालते, म्हणून पुढच्या वर्षीची भरती आज मांडता येते. भारतीय सर्वेक्षण विभाग तिची कोष्टकं दरवर्षी छापतो आणि मुंबईच्या अपोलो बंदरावर पाण्याची पातळी 1878 पासून मोजली जात आहे. वारा आणि लाट यांचं तसं नाही. त्यांचा अंदाज बांधता येतो, कोष्टक छापता येत नाही. जी माणसं बुडतात त्यांतली बरीचशी या दोहोंपैकी एकच पाहून निघालेली असतात. भरती पाहिली, वारा पाहिला नाही. किंवा आभाळ स्वच्छ दिसलं, पाणी कुठल्या दिशेला चाललंय ते पाहिलं नाही.

आता पाऊणकीकडे येतो. माझ्या पिढीला शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी पाठ करायला लावत. मौद्याच्या शाळेत सायंकाळी आम्ही ओरडून म्हणत असू: चार पाऊणे तीन, आठ पाऊणे सहा, बारा पाऊणे नऊ. कशासाठी, ते गुरुजींनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. चाळिशीला आल्यावर कोकणात कळलं की अख्खा किनारा याच पाढ्यावर चालतो. आजची तिथी घ्या, पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, द्वादशीला नऊला. दिवसा एक, रात्री एक. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पंचांग सगळ्यांच्या घरात असतं, पाढा डोक्यात असतो. तिसरं काही लागत नाही.

लेखकांनी या नियमाला दिलेली दोन पानं मला फार थोडी वाटली, म्हणून इथे भर घालतो. अमावास्येला आणि पौर्णिमेला मुंबईत पूर्ण भरती दुपारी बाराच्या आसपास असते. एका पक्षात पंधरा तिथी आणि भरती तेवढ्यात बारा तास सरकते. म्हणजे तिथीमागे अठ्ठेचाळीस मिनिटं व्हायला हवीत. पाऊणकी पंचेचाळीसच धरते. म्हणून पंधरा पाऊणे सव्वाअकरा येतात आणि पौर्णिमेला पाढा पाऊण तास मागे पडतो. जुन्या माणसांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. चार पंचमांशाचा पाढा कोणी म्हणत नाही, पाऊणकी पाठ असते, म्हणून तिच्यावर भागवलं आणि पक्षाच्या शेवटी हाताने थोडं वाढवून घेतलं. हिशेबात कुठे सैल सोडायचं हे ज्याला कळतं तो खरा हिशेबी.

बंदराबंदराचा फरक मात्र पाढ्यात बसत नाही. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर भरतीची लाट दक्षिणेकडून उत्तरेला सरकते. गोव्याला ती मुंबईच्या सुमारे तासभर आधी पोचते, रत्नागिरीला त्या दोहोंच्या मध्ये. खाडीत आत शिरावं तशी ती आणखी उशिरा येते. उंचीही बदलते. गोव्यात उधाणाच्या दिवशीसुद्धा पाणी दोन-सव्वादोन मीटरच्या आसपास वरखाली होतं. मुंबईत तेच पाच मीटरच्या घरात जातं आणि खंबातच्या आखातात त्याच्याही दुप्पट. उथळ सागरतळ उत्तरेकडे रुंद होत जातो आणि आखात नरसाळ्यासारखं निमुळतं होतं, म्हणून पाणी चढतं. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात भडोचपाशी नर्मदेत घुसणाऱ्या भरतीचं वर्णन आहे, आणि परक्या नाविकांची तिथे काय अवस्था होत असे तेही. माझी धक्क्यावरची फजिती त्या मानाने ताजी.

उधाण हा शब्द आम्ही मौद्यातही वापरतो. आनंदाला उधाण येतं, महागाईला येतं. त्याचा जोडीदार शब्द आमच्याकडे पोचलाच नाही: भांग. अमावास्या-पौर्णिमेच्या पुढेमागे चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत येते, तेव्हा उधाणाची भरती. अष्टमीच्या सुमारास ओढी एकमेकींना काटकोनात, तेव्हा भांगाची. भांगात पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. नवख्याला ते दिवस बरे. डोल जाळं लावणाऱ्याला मात्र उधाण हवं, कारण डोलीचं तोंड पाण्याच्या ओढीवर उघडं राहतं. ओढ नाही तर मासळी नाही. एकाचा सुरक्षित दिवस तो दुसऱ्याचा उपाशी दिवस, हे पुस्तकातल्या तक्त्यात दिसत नाही, पण धक्क्यावर लगेच दिसतं.

आणखी एक गोष्ट नवख्याने तक्त्यात शोधू नये, पाण्यात पाहावी. सहा तासांत पाणी सारख्या चालीने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाणारे पर्यटक इथेच फसतात. तासभर पाणी घोट्यापाशी घुटमळतं, अजून वेळ आहे असं वाटतं आणि पुढे पाहता पाहता परतीची वाट कंबरेपर्यंत बुडते.

होडीवाल्याची खरी परीक्षा मात्र खाडीच्या मुखाशी. कोकणातल्या बहुतेक खाड्यांच्या तोंडाला वाळूचा उंचवटा असतो. तिथे पाणी आधीच कमी. ओहोटी लागली की खाडीभर साठलेलं पाणी अरुंद तोंडातून समुद्राकडे धावतं. समोरून पश्चिमेचा वारा लाटा आत ढकलत असतो. पाणी एका दिशेला आणि वारा उलट दिशेला, अशा जागी लाट आखूड आणि उभी होते. बाहेर डोलणारी जी लाट होडीला झोका देते, तीच इथे भिंतीसारखी येऊन फुटते. तेवढंच वारं भरतीबरोबर असेल तर तीच खाडी सुशील सुनेसारखी वागते. म्हणून वारा किती आहे हा प्रश्न अर्धा आहे. पाणी कुठे चाललं आहे हा उरलेला अर्धा. मोबाइलवर वाऱ्याचे रंगीत नकाशे दाखवणारी ॲप हल्ली प्रत्येकाकडे आहेत आणि लेखकांनी त्यांच्यावर एक मोठं प्रकरण खर्चलं आहे. माझा त्यावर तितका जीव नाही. ते नकाशे कित्येक किलोमीटरच्या चौकटीचा एक वारा दाखवतात; त्या चौकटीत आपल्या खाडीचं तोंड ठिपक्याएवढंही नसतं. ॲप पाहावं, मग धक्क्यावर जाऊन पाचदहा मिनिटं नुसतं उभं राहावं.

वाऱ्याच्या बाजूचं प्रकरण लिहिताना लेखकांनी 'रामदास' बोटीपासून सुरुवात केली, हे योग्य केलं. 17 जुलै 1947. आषाढी अमावास्येचा सण, गावी निघालेली माणसं, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी सकाळची बोट. काश्याच्या खडकाजवळ वारा-पावसाचा झोत आला, लाटा चढल्या, भ्यालेली माणसं एका बाजूला धावली आणि बोट कलंडली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. पोहत किनाऱ्याला लागलेल्यांनी सांगितलं तेव्हा मुंबईला कळलं. त्या दिवसाची भरती कोष्टकात बरोबरच छापलेली असणार. वारा कुठल्या कोष्टकात असतो?

आज परिस्थिती पुष्कळ वेगळी आहे. हवामान खात्याच्या मुंबईच्या केंद्राकडून मच्छीमारांसाठी इशारे निघतात, हैदराबादची 'इनकॉइस' ही सागरी माहिती-संस्था लाटांचा अंदाज देते, आणि बंदरावर धोक्याचा बावटा चढतो. वर्तमानपत्रात 'तीन नंबरचा बावटा' असं वाचतो, त्याचा अर्थ बंदरालाच वादळी वाऱ्याचा धोका आहे. एक नंबर म्हणजे दूर समुद्रात कमी दाब तयार झालाय, अजून इथे काही नाही. क्रम अकरापर्यंत जातो. अकरावा मला नेहमीच विलक्षण वाटत आला आहे: वादळाचा इशारा देणाऱ्या केंद्राशीच संपर्क तुटला, असा त्याचा अर्थ. सगळ्यांत मोठा इशारा म्हणजे बातमी न येणं.

इशाऱ्यातले आकडे कसे वाचायचे ते पुस्तकात नीट सांगितलं आहे, पण दोन गोष्टी मी ठळक करतो. 'ताशी 45 ते 55 किलोमीटर, झोत 65 पर्यंत' असं लिहिलेलं असेल तर होडीवाल्याने झोताचाच आकडा धरावा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो आणि होडी कलंडते ती झोतात, सरासरीत नाही. दुसरी गोष्ट लाटेची. अंदाजात 'लाटेची उंची अडीच मीटर' असते, ती सर्वांत मोठ्या एकतृतीयांश लाटांची सरासरी. त्याच समुद्रात अधूनमधून त्या उंचीच्या दुपटीला जाणारी लाट येते. ती खोटी नाही आणि अंदाजही चुकलेला नाही. शिवाय प्रत्येक लाट इथल्या वाऱ्याची नसते. हजारो किलोमीटरवर, पार दक्षिण महासागरात उठलेली लांब लाट काही दिवसांनी शांत, निर्वात दुपारी आपल्या किनाऱ्याला लागते. केरळचे लोक तिला कळ्ळक्कडल म्हणतात, म्हणजे चोर समुद्र. आभाळाकडे बघून तिचा पत्ता लागत नाही.

तरी इशारा आला म्हणजे सगळं झालं असं नाही. नोव्हेंबर 2009 मध्ये 'फयान' चक्रीवादळ आलं तेव्हा हंगाम भरात होता आणि कित्येक बोटी बाहेर होत्या. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले खलाशी त्यात परत आले नाहीत. मे 2021 मध्ये 'तौक्ते'चा इशारा काही दिवस आधी होता. तरी मुंबईपासून दूर तेलक्षेत्रात 'पी-305' हा तराफा बुडाला आणि सत्तरहून अधिक कामगार गेले. बातमी आणि निर्णय यांच्यामध्ये मालक असतो, ठेका असतो, बुडणारी मजुरी असते. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारीबंदी असते ती माशांच्या विणीसाठी खरीच, पण तिने माणसंही वाचतात. परंपरेने नारळी पौर्णिमेआधी कोळी होडी लोटत नव्हता, त्यातही हाच शहाणपणा होता. संकटात तटरक्षक दलाचा 1554 हा नंबर लागतो, तो मलपृष्ठावर मोठ्या अक्षरांत छापल्याबद्दल लेखकांचे आभार.

नदीकाठच्या वाचकाने शेवटचं प्रकरण, चिपळूणचं, आधी वाचावं असं मी म्हणेन. तिथे माझी दोन्ही पाणी भेटतात. वाशिष्ठी चिपळुणाशी येते तेव्हा ती नदीही असते आणि खाडीही. गोवळकोटपर्यंत समुद्राची भरती जाणवते. शिवाय कोयनेची वीज तयार झाल्यावरचं पाणी घाट उतरून तिलाच मिळतं. 22 जुलै 2021 ची पहाट. सह्याद्रीवर रात्रभर कोसळलेला पाऊस वरून उतरला. दोनच दिवसांवर पौर्णिमा, म्हणजे खालून उधाणाची भरती. मधलं गाव बुडालं. धरणाच्या पाण्याचा वाटा किती, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. मला त्यातली एकच गोष्ट इथे नोंदवायची आहे: त्रयोदशीला तेरा पाऊणे पावणेदहा. समुद्राची वेळ आधीच माहीत होती. पावसाची आणि धरणाची वेळ माहीत नव्हती.

हे वाचताना मला 2020 च्या ऑगस्टचा शेवट आठवत राहिला. मध्य प्रदेशात मुसळधार पाऊस झाला, पेंचवरच्या चौराई धरणातून पाणी सुटलं, मग तोतलाडोह, मग नवेगाव खैरी. पेंचचं ते सारं पाणी कन्हानला मिळालं. पारशिवनी, कामठी, मौदा, कुही, सगळ्या तालुक्यांची गावं पाण्याखाली गेली. खाली गोसेखुर्द धरणाचे तेहेतीसही दरवाजे उघडले तरी भंडारा बुडायचं राहिलं नाही. आमच्याकडे ना चंद्राचा संबंध, ना तिथीचा. मौद्याच्या पाण्याला पंचांग नाही. त्याचं वेळापत्रक वरच्या धरणांच्या दरवाज्यांवर ठरतं, आणि ते फोनवर येतं, आलं तर.

पुस्तकाची मुद्रितं माझ्याकडे आली ती मागच्या श्रावणात. दोन दिवस झड लागली होती. मी ओसरीत बसून खुणा करत होतो, तेवढ्यात ज्यांच्या डोंग्यात मी लहानपणी बसत असे ते ढिवर काकाजी वाटेने आले. आता त्यांचं वय ऐंशीच्या पुढे. वरचे दरवाजे उघडल्याचा निरोप गावात आला होता. त्यांनी विचारलं, "कावं भाऊ, तू समुद्रावर राहून आला ना? मंग सांग, पाणी इथं किती वाजता लागते?" मी धरणाचं अंतर काढलं, पाण्याचा वेग अंदाजला, कागदावर आकडे मांडले आणि म्हणालो, रात्री दहाच्या सुमारास. काकाजींनी मान हलवली. मी छत्री घेऊन त्यांच्याबरोबर काठावर गेलो. डोंगा त्यांनी सकाळीच वर ओढून बाभळीला बांधला होता. दोर चांगला लांब सोडलेला.